उसना गृहपाठ

वीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यावर मी एका निष्कर्षाला आलो आहे. माणूस जी नाना तऱ्हेची कामे करतो, त्यांत गृहपाठ हे एकच काम असे आहे, की ज्याचे फळ कोणालाही नको असते. शेतकऱ्याने पिकवलेली ज्वारी कोणीतरी खातो. शिंप्याने शिवलेला सदरा कोणीतरी अंगात घालतो. माझ्यासारख्याने लिहिलेली कादंबरीसुद्धा, दुसरे कोणी नाही तर निदान वाळवी, आवडीने घेते. पण 'एका हौदाला दोन नळ' या गणितातल्या हौदाचे पाणी आजवर कोणी प्यालेले नाही. मूल ते गणित सोडवते, मी त्यावर लाल शाईची खूण करतो, आणि वर्षअखेर ती वही रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. उत्तर मला आधीच ठाऊक असते; ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलेही असते. मग ते मुलाने स्वतःच काढावे हा आमचा हट्ट कशासाठी?

हा प्रश्न मला इतकी वर्षे पडला नव्हता. शिक्षकाला असले प्रश्न पडू लागले तर शाळा चालायच्या नाहीत. तो गेल्या दिवाळीत आमच्या कन्येने माझ्यापुढे टाकला, आणि चकल्यांचा वास घरभर सुटलेला असताना माझी एक रात्र त्याने खाल्ली.

माझे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेच्या पुढे गेलेले नाही. गावातल्या एका लहानशा खासगी शाळेत मी धाकट्या मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. लेक मात्र संगणकशास्त्र शिकते. तिच्या महाविद्यालयाने गेल्या वर्षी एक सवलत दिली होती: परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम इंटरनेटवरून घरी बसून पुरा केला, तर त्याचे गुण धरले जातील. तिने निवडलेला अभ्यासक्रम अमेरिकेतल्या सिएटल शहरच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा होता. डॅन ग्रॉसमन नावाच्या प्राध्यापकांनी तो रचला आणि जानेवारी २०१३ मध्ये कोर्सेरा या संस्थेमार्फत तो जगाला खुला झाला. विषय 'प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस', म्हणजे ज्या भाषांतून संगणकाला हुकूम द्यायचे त्या भाषा.

मला वाटले, भाषा म्हटल्यावर हा आपल्याच अंगणातला विषय. म्हणून मी संध्याकाळी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागलो. या अभ्यासक्रमात तीन भाषा येतात. पहिली स्टँडर्ड एमएल. तिचे मूळ स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठात, १९७० नंतरच्या दशकात रॉबिन मिल्नर यांच्या कामात आहे. दुसरी रॅकेट, आणि तिसरी जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेली रूबी. पण तीन भाषा पाठ करून नोकरीस लागावे, हा त्यांतला हेतू नव्हे. कोणतीही भाषा आतून कशी बांधलेली असते, एखाद्या शब्दाचा अर्थ नेमका कुठून येतो, हे कळावे म्हणून तीन तऱ्हेच्या भाषा घेतलेल्या. व्याख्यानांपेक्षा सगळा भर गृहपाठावर.

पहिला गृहपाठ तारखांचा होता. वर्ष, महिना, दिवस अशा दोन तारखा दिल्या, तर पहिली दुसरीच्या आधीची आहे की नाही ते सांगायचे. मी म्हटले, ''हे तर आमच्या दुसरीच्या वर्गातलं. वर्ष लहान असेल, किंवा महिना लहान असेल, किंवा दिवस लहान असेल, तर ती तारीख आधीची.''

लेक हसली. म्हणाली, ''बाबा, म्हणजे दोन हजार वीसचा जानेवारी हा एकोणीसशे ऐंशीच्या जूनच्या आधी आला!''

मी चपापलो. महिन्याकडे पाहायचे ते वर्षे सारखी असतील तेव्हाच, आणि दिवसाकडे पाहायचे ते महिनेही सारखे असतील तेव्हाच. हे मला ठाऊक होते, जन्मभर मी ते पाळीत आलो होतो, पण सांगायला गेलो तो चुकलो. ठाऊक असणे आणि सांगता येणे यांत केवढी दरी आहे, हे त्या यंत्राने चाळिशी उलटलेल्या मास्तराला पहिल्याच दिवशी दाखवले.

त्याच गृहपाठात पुढे तारखांची यादी देऊन त्यांतली सर्वांत आधीची शोधायला सांगितलेली. आणि यादीच रिकामी असेल तर? तर खोटी तारीख द्यायची नाही, शून्यही द्यायचे नाही. 'नन' म्हणून सांगायचे, म्हणजे 'काही नाही'. त्यासाठी त्या भाषेत निराळी सोयच आहे. मला हे फार आवडले. आमच्या समाजात रिकाम्या हाताने कबुली देण्याची अशी सोय असती तर किती बरे झाले असते! सोय नसल्यामुळेच पुष्कळदा माणूस हाताशी येईल ते खोटे उत्तर देतो.

आणखी एक गंमत. या भाषेत एखाद्या नावाला एकदा किंमत दिली, की ती सहसा खोडता येत नाही. नवी किंमत हवी, तर नवी ओळ लिहायची. जुनी जिथे वापरली गेली तिथे ती जुनीच राहते. दिले ते दिले. आमच्या हिने सोऱ्या हातात घेऊन हे सारे ऐकले आणि विचारले, ''ते फंक्शन फंक्शन म्हणता ते काय?'' लेकीने आईच्या हातातल्या सोऱ्याकडेच बोट दाखवले. वरून पीठ घालावे, खालून चकली यावी, ते फंक्शन. आणि आतली चकती बदलली की त्याच पिठाची शेव येते. तेव्हा ज्याच्यात पीठही घालता येते आणि चकतीही घालता येते, असे फंक्शन म्हणजे तिसऱ्या गृहपाठाचा विषय. ही म्हणाली, ''मग त्यात चार वर्षं शिकण्यासारखं काय आहे?'' आणि पुन्हा चुलीपाशी गेली.

असे चार गृहपाठ झाले. पाचवा आला, आणि घरातली हवा बदलली.

या पाचव्या गृहपाठात विद्यार्थ्याला एक लहानशी, मुद्दाम बनवलेली भाषा देतात. तिचे नावच मुळी 'मेड अप प्रोग्रॅमिंग लँग्वेज', म्हणजे बनावट भाषा. अंक, जोड्या, तुलना, फंक्शन एवढेच तिच्यात असते. ती कोणत्याही संगणकाला येत नाही. विद्यार्थ्याने रॅकेट भाषेत तिचा दुभाष्या लिहायचा. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. त्या भाषेतले वाक्य समोर आले की त्याचा अर्थ काय, हे हा दुभाष्या ठरवणार. आजवर तिने भाषा वापरली होती. आता तिलाच एका भाषेला अर्थ द्यायचा होता. चार दिवस ती त्याच्याशी झगडत होती. जेवताना बोलेना, फटाक्यांच्या यादीत लक्ष घालीना. अंक जमले, तुलना जमल्या. फंक्शनपाशी गाडी रुतून बसली.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी ती हसत बाहेर आली. ''झालं, बाबा! सगळ्या चाचण्या पास.''

''अडलेलं सुटलं कसं?''

ती खोटे बोलणारी मुलगी नाही. तिने सरळ सांगितले. हल्ली प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांतल्या एकाला तिने गृहपाठ दिला, आणि मिनिटभरात त्याने दुभाष्या लिहून दिला. तिने चार नावे बदलली, एक-दोन ओळी वरखाली केल्या. आता फक्त पाठवायचे बाकी होते.

मी मास्तर. माझा चेहरा व्हायचा तसा झाला. मी म्हटले, ''नावं बदलून चोरी लपत नाही.'' मी कुठेसे वाचले होते ते तिला ऐकवले, की ॲलेक्स एकन नावाच्या प्राध्यापकांनी १९९४ सालीच अमेरिकेत 'मॉस' नावाची एक व्यवस्था केली. शेकडो विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम ती एकमेकांशी ताडून पाहते, आणि नावे बदलली तरी सांगाड्यातले साम्य शोधून काढते.

ती शांतपणे म्हणाली, ''म्हणजे पकडले जाऊ म्हणून करू नये, असं का? आणि पकडले जाणार नसू तर?''

मी गप्प. तीच पुढे म्हणाली, ''हा दुभाष्या आजवर हजारो मुलांनी लिहिलाय. माझा आणखी एक झाला तर जगात भर पडणार नाही, आणि मी तो दुसऱ्याकडून घेतला तर कोणाच्या घरचं काही कमी होणार नाही. तपासणार यंत्र, लिहिणार यंत्र. मी मध्ये कशाला? उत्तर बरोबर आहे ना?''

''पण ते तुझं नाही.''

तेव्हा तिने भिंतीकडे पाहिले. बोलली काहीच नाही. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्रक होते. ती सातवीत असताना निबंधस्पर्धेत तिला पहिले बक्षीस मिळाले होते. निबंधाचा विषय 'आमची विहीर'. आल्यागेल्याला ते प्रशस्तिपत्रक मी स्वतः दाखवीत असे. आणि तो निबंध, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मी लिहिलेला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. नीतीचा उपदेश करणाऱ्याने आधी आपले घर पाहावे म्हणतात. मी ते पाहून चुकलो होतो. पण मी दोषी आहे एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नव्हती. तिच्या प्रश्नाला उत्तर हवे होते, आणि ते रागाचे नको होते.

चोरी म्हणावी, तर चोरीत कोणाचे तरी काहीतरी जाते. इथे कोणाचेच काही गेले नव्हते. इतर विद्यार्थ्यांवर अन्याय म्हणावा, तर एका जागेसाठी दहा जण भांडत असतील तिथे ते खरे. पण या अभ्यासक्रमात कितीही जण उत्तीर्ण होऊ शकत होते. मग उपयोगाची गोष्ट घ्यावी: स्वतः केले नाही तर पुढे नोकरीत अडेल. हे आम्ही शिक्षक नेहमी सांगतो. पण ज्या यंत्राने आज एका मिनिटात लिहून दिले, ते उद्या नोकरीतही लिहून देणार नाही का? हा धाक आता पूर्वीइतका चालायचा नाही, हे मला मनोमन पटले.

विचार करता करता पहाटे अंगणात गेलो. धाकट्या चिरंजिवांनी मित्रांना जमवून मातीचा किल्ला केला होता. एक बुरूज ढासळलेला, तटावर पेरलेल्या अळिवाला कोंब फुटलेले, आणि सिंहासनावरचे महाराज किंचित कललेले. बाजारात हल्ली तयार किल्ले मिळतात. बुरूज कसे एकसारखे असतात! तसला आणावा का म्हणून मी विचारले होते, तेव्हा चिरंजीव माझ्याकडे असे पाहू लागले, की मी जणू म्हणालो होतो, 'तुझ्या वाटचे जेवण मी जेवून घेऊ का?'

इथे मला अर्धे उत्तर मिळाले. किल्ला राहण्यासाठी नसतो. आठ दिवसांनी त्याची माती पुन्हा बागेत जायची असते. तो बांधण्यासाठीच असतो. आणि बांधण्याची कृती दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, जसे दुसऱ्याकडून पोहून घेता येत नाही. गृहपाठाचे फळ कोणाला नको असते हे खरेच आहे. फळ म्हणून तो लावलेलाच नाही. जो हात हौदाचे गणित सोडवतो तो हात बदलतो, आणि तेवढ्यासाठीच तो हौद भरायचा असतो.

पण हे अर्धेच उत्तर होते. कारण लेक म्हणू शकत होती, 'मला माझा हात बदलायचा नाही. तोटा झालाच तर माझा होईल. त्यात अनीती कुठली?' आळस हा तोटा आहे, पाप नव्हे. उरलेले अर्धे उत्तर मला तिनेच दिले, आणि ते नकळत दिले.

अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हटले, ''ते पाठव किंवा पाठवू नकोस. पण तू जिथे अडलीस ते मला समजावून सांग. मला काही येत नाही असं धरून सांग.''

''ते धरायला नको,'' ती म्हणाली, आणि दोघेही हसलो. ताण थोडा सैल झाला.

तिने सांगितले ते असे. फंक्शनमध्ये काही नावे असतात, ज्यांचा अर्थ फंक्शनच्या बाहेर ठरलेला असतो. फंक्शन एका ठिकाणी लिहिले जाते, आणि वापरले जाते भलत्याच ठिकाणी. दोन्ही ठिकाणी तेच नाव निरनिराळ्या अर्थाने असू शकते. मग अर्थ कुठला घ्यायचा? लिहिले तिथला, की वापरले तिथला?

मी म्हटले, ''म्हणजे असं का? मी घरी चिठ्ठी लिहिली, 'दूध शेजारच्या काकूंना द्यावे', आणि ती चिठ्ठी कोणी पुण्यात जाऊन उघडली. तर दूध आपल्या शेजारच्या काकूंना द्यायचं, की त्याच्या पुण्यातल्या शेजारणीला?''

''अगदी हेच!'' ती म्हणाली. ''जुन्या लिस्पमध्ये दूध पुण्यातल्या शेजारणीला जायचं. जिथे वाचली तिथला अर्थ. मग १९७५ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी स्कीम नावाची भाषा केली. तिच्यात ठरवलं, की जिथे लिहिली तिथलाच अर्थ. आमची रॅकेट तिच्याच वंशातली.''

''मग चिठ्ठी वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा शेजार कसा कळणार?''

''म्हणून नुसती चिठ्ठी पाठवायचीच नाही. चिठ्ठी आणि ती लिहिली तेव्हाचा भोवताल, दोन्ही एका पाकिटात घालून पाठवायचं. त्या पाकिटाला क्लोजर म्हणतात. फंक्शन कितीही लांब गेलं, तरी स्वतःचा भोवताल बरोबर घेऊन जातं. वापरताना पाकीट उघडायचं, आणि आतल्या भोवतालात...''

ती एकदम थांबली. कागद ओढून भराभर काही लिहू लागली. चार दिवस ती फंक्शनचा अर्थ वापरलेल्या जागेच्या भोवतालात लावू पाहत होती. तिथेच गाडी रुतली होती. यंत्राने लिहिलेल्या उत्तरात ती ओळ बरोबर होती, तिने ती वाचलीही होती, पण ती तिथे का आहे हे तिला आत्ता, चिठ्ठी समजावून सांगताना कळले.

मग तिचा हात सावकाश झाला. कागदावरून डोळे न काढता ती म्हणाली, ''बाबा, नाव नोंदवताना मी एक वाक्य मान्य केलं होतं. गृहपाठ माझा स्वतःचा असेल म्हणून.''

मी काही बोललो नाही. पुढचे तिचे तिलाच दिसत होते. 'स्वतःचा' हा शब्द तिने ज्या दिवशी दिला, त्या दिवशी त्याचा अर्थ तिला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही स्वच्छ माहीत होता. काल दुपारी अडचण आली तेव्हा तिने त्याच शब्दाचा अर्थ अडचणीच्या भोवतालात लावला: मी पाठवला म्हणजे माझा, मी नावे बदलली म्हणजे माझा. शब्द तोच, शेजार बदलला. दूध पुण्यातल्या शेजारणीला गेले.

आपण बहुतेक जण खोटे बोलतो ते असेच. सरळ खोटे बोलायला धैर्य लागते, ते आपल्याजवळ नसते. आपण दिलेला शब्द मोडीत नाही. तो नव्या जागी नेतो आणि तिथला सोयीचा अर्थ त्याला लावतो. लग्नातला शब्द, भावाला दिलेला वाटणीचा शब्द, मतदाराला दिलेला शब्द, अक्षर न् अक्षर जसाच्या तसा राहतो आणि आतून पोकळ होतो. प्रामाणिकपणा म्हणजे दुसरे काय? शब्द देतानाचा भोवताल त्याच्याबरोबर शेवटपर्यंत बाळगणे. फळ कोणाला हवे की नको, कोणाचे काही गेले की नाही, हे प्रश्न नंतरचे. तिचा तोटा तिचा होता, हे खरे. पण शब्द तिच्या एकटीचा नव्हता. तो दोघांमधला होता.

मग मीही माझे पाकीट उघडले. म्हटले, ''त्या निबंधस्पर्धेच्या पत्रकातही 'स्वतःचा' हाच शब्द होता. मी स्वतःला सांगितलं, की मुलगी माझी, विहीर आपली, म्हणजे निबंध तिचाच. तेव्हा तू नको म्हणाली होतीस. आठवतं का?''

''आठवतं,'' ती म्हणाली. ''बक्षीस घेताना मला वर बघवत नव्हतं. तुम्ही टाळ्या वाजवत होतात.''

सहा वर्षे ती हे मनात धरून होती, आणि मी आल्यागेल्याला प्रशस्तिपत्रक दाखवीत होतो!

उसने उत्तर तिने त्याच दुपारी पुसून टाकले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाहेर फटाके वाजत होते, आणि ही आत आपला दुभाष्या नव्याने लिहीत होती. पाडव्याच्या दिवशी तिने तो पाठवला. दोन चाचण्यांत तो नापास झाला. फंक्शन आपल्या स्वतःच्याच नावाने पुन्हा स्वतःला हाक मारते, ते नाव पाकिटात घालायचे तिच्याकडून राहिले होते. भाऊबीजेला सकाळी भावाला ओवाळताना ते तिच्या ध्यानात आले. निरांजनाचे तबक तसेच खाली ठेवून ती आत पळाली, आणि कपाळाला अर्धे कुंकू लावलेला धाकटा पाटावर तसाच बसून राहिला. ओवाळणी मात्र त्याने नंतर पुरी घातली.

गुण किती मिळाले ते मी विचारले नाही. एवढे मात्र सांगतो, की त्या आठवड्यात कोणालाही नको असलेली अशी एक वस्तू आमच्या घरात तयार झाली, आणि तिच्याइतकी अस्सल वस्तू त्या दिवाळीत आमच्याकडे दुसरी नव्हती.

प्रशस्तिपत्रक आम्ही दोघांनी मिळून भिंतीवरून उतरवले. त्यामागचा रंग उडालेला नव्हता, म्हणून तिथे आता एक गडद चौकोन दिसतो. ही म्हणते, की तिथे निदान कालनिर्णय तरी लावा; खिळा उगाच रिकामा दिसतो. मी अजून लावलेले नाही. आलेगेले विचारतात, इथे काय होते? मी लेकीच्या पहिल्या गृहपाठात शिकलेले उत्तर देतो. म्हणतो, काही नाही.